शेजारच्या चुलीचं नगर

शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करू नये, हे मला आईनं शिकवलं आणि पुढे सासूनंही शिकवलं. आई म्हणायची, चिमूटभर साखर तरी घालावी. सासूबाई म्हणायच्या, साखर महाग झालीय, मूठभर तांदूळ घालावेत. पण आमचे पनवेलचे शेजारी अण्णा उकिडवे म्हणत, की या एका सवयीवर आख्खं नगर उभं राहू शकतं. आणखी दोनशे वर्षांनी ते उभं राहणार, आणि तेही दुसरीकडे कुठे नाही, पनवेललाच, याविषयी त्यांच्या मनात काडीचीही शंका नव्हती.

मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा तिथे रेल्वे नव्हती. भाताच्या गिरण्या होत्या, त्यांचा कोंडा हवेत उडत असे आणि वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसत असे. ह्यांना अशाच एका गिरणीत कारकुनी होती. बाजाराच्या टोकाला एका लांबलचक कौलारू घरात आम्ही चार बिऱ्हाडं राहत होतो. मालक भाताचा व्यापारी. भाडं वेळेवर मिळाल्याशी त्याला मतलब. भाडेकरूची जातपात तो विचारत नसे. त्यामुळे एका कौलाखाली अशी मंडळी गोळा झाली होती, की माझ्या कऱ्हाडच्या मामंजींनी पहिल्या भेटीतच डोक्याला हात लावला.

पहिल्या खोल्यांत ताराबाय. ती जासईची, नवरा मिठागरावर कामाला. तिच्या शेजारी खातूनबी, कोकणी मुसलमान, नवरा बोटीवर खलाशी. वर्षातून एकदा येई तो पेटी भरून अत्तरं आणि पोटभर गप्पा घेऊन. मग आम्ही. आणि शेवटी, कडुलिंबाच्या झाडाला लागून, अण्णा उकिडवे आणि त्यांची विधवा थोरली बहीण आक्का. चारी दारांपुढून एकच ओटा गेला होता.

अण्णा बाजारातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी, आणि अंगात एक कोट, ज्याचे दोन्ही खिसे औषधाच्या बाटल्यांच्या बुचांनी फुगलेले. पोरं वाटेत अडवत, अण्णा एकेकाच्या हातावर एकेक बूच ठेवत. बुचाचं पोरं काय करत ते देव जाणे, पण ते न घेता एकही पोर हलत नसे. माणूस दिसायच्या आधी कार्बोलिकचा वास यायचा. तो आला, की आक्का आतून म्हणायची, "आलास गजा? हातपाय धू."

दवाखान्यात डॉक्टर नाडी बघत आणि अण्णा जेवण बघत. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवता चिकटवता ते रोग्याला विचारत, काल काय जेवलात? हा प्रश्न कुणीही विचारील. पण पुढचा प्रश्न खास त्यांचा होता. रांधलं कुणी? "मीच, कोण येतंय रांधायला," असं कुणी म्हणालं, की अण्णा मान हलवत आणि औषध जरा जास्त घोटून देत. लोकांना वाटे हाही औषधोपचाराचाच भाग आहे. अण्णांचं मत असं होतं, की निम्मं अजीर्ण हे आपल्याच हातचं खाल्ल्यानं होतं. डॉक्टर हसून सोडून देत.

पण खरे अण्णा बघायचे तर रविवारी दुपारी, ओट्यावर. औषधाच्या कंपन्यांची जुनी कॅलेंडरं ते जपून ठेवत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर कादंबरी लिहीत. आठवडाभरात जेवढं लिहून होई तेवढं रविवारी आम्हांला उभ्यानं वाचून दाखवत. बसून वाचलं तर भविष्यकाळ दिसत नाही म्हणत. आम्ही तिघी तांदूळ निवडत, जाळी विणत, पोरं थोपटत ऐकत असू. माझ्या माहेरी कादंबरी म्हटली की राजा, राणी नाहीतर खून. यांच्या कादंबरीत होतं दोनशे वर्षांनंतरचं पनवेल.

त्या पनवेलची कौलं सूर्यफुलासारखी उन्हाकडे वळत. उरणपर्यंत खाडीवरून एक सरकता रस्ता होता. माणसानं नुसतं उभं राहायचं, रस्ताच चालायचा. गाढी नदीच्या काठी विमानं उतरत. यावर आम्ही हसून हसून बेजार झालो होतो, कारण तेव्हा गाढीकाठी फक्त म्हशी उतरत. कर्नाळ्याच्या सुळक्यावर दिवा होता. हे सगळं अण्णा इतक्या सहजपणे सांगत, की भविष्यकाळ हे जणू त्यांचं आजोळच. "आपल्याकडे असं नाही हं वहिनी," असं ते मला म्हणाले, की मी समजे, 'आपल्याकडे' म्हणजे दोनशे वर्षांनी.

तर त्या नगराचा कायदा एकच. कुणीही आपल्या चुलीवरचं खायचं नाही. प्रत्येक घरानं रांधायचं ते डावीकडच्या घरासाठी, आणि जेवायचं ते उजवीकडून आलेलं. शेजाऱ्याला जे चालतं ते शिजवायचं, आपल्याला आवडतं ते नाही. चुली उन्हावर चालत, भाज्या यंत्रं चिरत, पण मीठ मात्र हातानं घालायचं. त्याला यंत्र लावलं तर गुन्हा. "यंत्रानं मीठ घातलं, तर शेजाऱ्याची आठवण कशी होणार?" अण्णा विचारत. त्यामुळे त्या नगरात भांडणं होत नसत; संध्याकाळी ज्याच्या हातचं जेवायचं त्याच्याशी सकाळी कोण भांडेल? तुरुंगही नव्हता. कुणी फारच मोठा गुन्हा केला तर त्याला एकच शिक्षा. त्यानं आपल्या चुलीवरचं आपण शिजवून एकट्यानं खायचं. कादंबरीतला एक चोर ही शिक्षा ऐकून ढसाढसा रडतो, असं एक प्रकरण होतं. ते ऐकताना खातूनबीनं डोळ्यांना पदर लावला होता. वर्षाचे अकरा महिने तीही आपल्याच हातचं, नवऱ्यावाचून खाई.

शंका काढण्यात ताराबाय पटाईत. शेजाऱ्याला चालेल ते शिजवायचं, हे कलम आलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मंग आक्का माझ्यासाठी बोंबील शिजवनार काय?" आम्ही हसतोय तोच आतून पितळी भांडं आदळल्याचा आवाज आला. अण्णांनी घाईघाईनं पान उलटलं. दुसरी शंका खातूनबीची. तिनं ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "अण्णा, माझं तारा करील, भाभीचं मी करीन, तुमचं भाभी करील. पण ताराचं कोण करणार? आणि तुम्ही कुणाचं करणार? तुमच्या पल्याड तर लिंबाचं झाड." अण्णा वाचायचे थांबले. तो आठवडा त्यांनी फार अस्वस्थपणे काढला. पुढच्या रविवारी आले ते आख्खं नगर गोल करूनच आले. सगळ्या गल्ल्या गोल, शेवटचं घर पहिल्याला लागलेलं. टोकाचं घर असं कुणाचंच नाही. खातूनबीला मोठा मान मिळाल्यासारखं झालं.

आता यातली मेख सांगते. दुसऱ्याच्या हातचं खा म्हणून सांगणाऱ्या या माणसानं आमच्यापैकी कुणाच्याही घरचा घास कधी तोंडात घातला नव्हता. चहाही नाही.

कारण आक्का. आक्का लहानपणीच विधवा झालेली. आईबाप गेले तेव्हा अण्णा अगदी लहान. पेणला लोकांच्या घरी स्वयंपाक करून तिनं त्यांना वाढवलं, शिकवलं. तिचं सोवळं कडक होतं; अण्णांना वाढून झालं, की ती एकटीच जेवे. तिच्या सोवळ्याच्या भांड्यांवर आमची सावली चालत नसे, आणि त्यांतल्या एका पितळी डब्याला तर अण्णांनीही हात लावायचा नाही. आम्ही काही दिलंच तर कोरडा शिधा घेई. तांदूळ, गूळ, न सोललेला नारळ. शिजलेलं काही नाही. पण देण्यात मात्र तिचा हात कुणी धरला नसता. मी दिलेल्या नारळाच्या तिच्या हातच्या वड्या होऊन माझ्याच घरी येत. खातूनबीच्या पोराला गोवर आला तेव्हा त्याच्यासाठी मऊ भात तिनं किती दिवस केला. भांडं खाली ठेवायची, दोन पावलं मागं सरायची, मग खातूनबीनं उचलायचं. मला सुरुवातीला तिचा राग येई. मी माणूस नसून तिच्या वाटेतली अडचण आहे, असं वाटे. पण वड्यांची चव अशी असे, की राग फार टिकत नसे.

आणि अण्णांनी बाहेर कुठे खाल्लं असतं, तर आक्का रागावली नसती. ती फक्त त्या दिवशी जेवली नसती. एवढं ठाऊक असल्यावर माणूस काय खाणार?

ताराबायनं हे एकदा बोलून दाखवलंच. "अण्णा, गाव येवडा चांगला बांधलाव, पन त्यान तुमालाच जागा नाय." अण्णा ओशाळून हसले. तेव्हा दाराआडून आक्काचा आवाज आला. इतके रविवार ती आतून शब्द न् शब्द ऐकत होती हे आम्हांला तोवर ठाऊकच नव्हतं.

"त्याला असेल गं जागा," आक्का ताराबायला म्हणाली. "पण गजा, तुझ्या त्या नगरात माझ्यासारखी कुठं राहते?"

अण्णांनी कॅलेंडरं गुंडाळली आणि ते आत गेले.

त्यानंतर कादंबरी अडली. एकच प्रकरण राहिलं होतं. पुण्याच्या एका लहानशा मासिकाच्या संपादकांनी बाकीचं वाचून कळवलं होतं, की दसऱ्याच्या आत शेवट पाठवलात तर दिवाळी अंकात सबंध छापतो. अण्णांच्या आयुष्यात असं पत्र पहिलंच. ते त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं, बुचं नव्हती त्या. पण शेवट होईना. एका रविवारी ते ओट्यावर नुसतेच बसले होते, उभेही राहिले नाहीत. मी म्हटलं, त्यात एवढं काय अडलंय, कायद्याला एक अपवाद ठेवा.

"अपवाद ठेवला की नगर पडतं वहिनी," ते म्हणाले. "आणि न ठेवावा, तर कायद्यानं तिला शिक्षा झालेली आहे. आपल्या चुलीवरचं आपण, एकट्यानं. हे मीच लिहिलंय. लिहिताना मला ती दिसली कशी नाही?"

चोराच्या शिक्षेवर आम्ही सगळ्या हळहळलो होतो आणि भिंतीपलीकडे तीच शिक्षा एक बाई जन्मभर भोगत होती, हे आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता आक्कानं अंथरूण धरलं. ताप हटेना. डॉक्टर येऊन जात, औषध अण्णांच्याच हातचं, पण पथ्याची पेज करणार कोण? आम्ही तिघीही तयार होतो. आक्कानं मान हलवली. मग अण्णा आयुष्यात पहिल्यांदा चुलीपुढे बसले. पेज खालून करपे, वरून पाणी राही, आणि मीठ असं पडे, की चमचाभर चाखली तरी तोंड खारट होई. दोन थेंब इकडचे तिकडे होऊ न देणारा कंपाउंडर, पण चुलीपुढे अगदीच हरला. आक्का ती पेज तोंड वाकडं न करता पिई. एकदा म्हणाली, "बरी झालीय रे. खालची खरवड तेवढी नको वाढूस." मी दारातून ऐकत होते. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

अण्णा दवाखान्यात गेले असताना एका सकाळी तिनं मला हाक मारली. मी उंबऱ्याशी थांबले, नेहमी थांबत असे तिथेच.

"इंदू, त्याच्या नगरात आपल्या हातचं आपण खाणाऱ्याला काय म्हणतात?"

मी लुगड्यावरचा कोंडा झटकू लागले.

"शिक्षा झालेला म्हणतात. मी सगळं ऐकलंय." थोडा वेळ ती कौलांकडे बघत राहिली. "माझी शिक्षा मला कळायच्या आधीपासून मी भोगतेय. आता तिची सवय झालीय, सोडवत नाही. पण ती माझी आहे, त्याची नव्हे. मी गेले की या चुलीत त्याला एकट्यापुरता जाळ करू देऊ नका. त्याला वाढा. ताराला सांग." मग जरा थांबून म्हणाली, "खातूनलाही सांग."

आक्काच्या तोंडून खातूनबीचं नाव मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. 'पलीकडची' एवढंच ती म्हणे. मी ओट्यावर येऊन बसले आणि मनसोक्त रडले.

दसऱ्याच्या आधीच आक्का गेली. दिवसकार्य होईपर्यंत अण्णांकडे त्यांचे पेणचे नातलग होते. ते गेल्यावर पहिल्या दिवशी कुणी वाढायचं याची आम्ही तिघींनी थोडी कुजबूज केली. खातूनबी म्हणाली, मी वाढते. तिनं त्यासाठी नवी पातेली आणली होती, घर सारवून काढलं होतं, आणि साधा वरणभात करायला तिला मी कधी पाहिलं नव्हतं इतका वेळ लावला होता. ताट झाकून तिनं अण्णांच्या दारापुढं ओट्यावर ठेवलं आणि सवयीनं दोन पावलं मागं सरली. अण्णा म्हणाले, "मागं कशाला जाता? हातात द्या."

तिनं हातात दिलं. ते तिथेच ओट्यावर बसले. पहिला घास घेतला, सावकाश गिळला, म्हणाले, "मीठ बरोबर आहे." आणि मग जे रडू आक्काच्या चितेशी आलं नव्हतं ते तिथे आलं. खातूनबी जवळ उभी राहून नुसती म्हणत होती, "जेवा अण्णा, भात निवतोय."

तेव्हापासून अण्णांचं ताट पाळीपाळीनं जाऊ लागलं. मी आपली वाट बघत होते, की आता सुटला गुंता, आता शेवट लिहितील. दिवाळी अंक गेला, तर पुढच्या वर्षी छापतील. शेवटी मीच विचारलं. अण्णा ताकाचा वाडगा खाली ठेवून म्हणाले, "आता लिहायचं काय वहिनी? आता जेवायचं." मला फार राग आला. एवढे रविवार आम्ही काय उगाच बसलो होतो? पण माणूस असा तृप्त दिसत होता, की पुढे बोलवेना. कॅलेंडरं फळीवरच राहिली.

मात्र कायदा ते पाळू लागले. नुसतं खायचं तर नगरात राहता येत नाही, शेजाऱ्यासाठी रांधलंही पाहिजे. नगर गोल, म्हणून त्यांच्या पुढचं घर ताराबायचं. अण्णा आठवड्यातून एकदा तिच्यासाठी काहीतरी शिजवून घेऊन निघत, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, झाकलेलं पातेलं दोन्ही हातांत धरून. करपण्याचा वास आधीच पोचलेला असे. मीठ हातानं घालायचं हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं, की दोनदा दोनदा घालत. मिठागरावरच्या माणसाच्या बायकोला खारटपणा काय सांगायचा, पण ताराबायही एकदा म्हणालीच, "अण्णा, माझा गुन्ना काय हाय, त्यो तरी सांगा." अण्णा खूप हसले. ती पातेलं मात्र कधी परतवून लावत नसे.

काही वर्षांनी ह्यांना ठाण्याला नोकरी लागली. तेव्हा रेल्वे यायची बोलणी जोरात चालली होती, पण आम्ही गेलो एसटीनंच. सामान टपावर चढलं, मी खिडकीशी बसले, तर गर्दीतून काळी टोपी येताना दिसली. अण्णांनी खिडकीतून एक डबा माझ्या हातात दिला. झाकण पुसून लख्ख केलेलं. मी ओळखला. आक्काचा सोवळ्याचा पितळी डबा. ज्याच्यावर माझी सावली चालत नव्हती तो आता माझ्या मांडीवर होता, आणि चांगला गरम होता.

"तांदळाचे वडे केलेत. रिकामा परत करायचा नाही," अण्णा म्हणाले.

गाडी सुटली तेव्हा ते एका पोराला खिशातलं बूच काढून देत होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात हलवला, आणि पुन्हा त्या पोराकडे वळले. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. वडे वाटेतच खाल्ले. बाहेरून काळे, आतून कच्चे, आणि मीठ विचारू नका. मुलांनी एकेक घास खाऊन सोडले. मी सगळे संपवले.

त्यानंतर तो डबा बरीच वर्षं ठाणे-पनवेल करत राहिला. कुणी ना कुणी जाणारं-येणारं भेटेच. मी कधी बेसनाचे लाडू पाठवी, कधी तिखट चिवडा. परत येताना त्यात अण्णांचे वडे. त्यांच्या हाताला वळण काही लागलं नाही. डबा उघडला की करपट वास घरभर होई, मुलं नाक धरून म्हणत, अण्णा आले.

मग एकदा खातूनबीचा मुलगा कामासाठी ठाण्याला आला आणि डबा देऊन गेला. घाईत होता, दारातूनच परतला. मी स्वयंपाकघरात येऊन झाकण काढलं. वडे होते, तांदळाचेच. सोनेरी, टम्म फुगलेले, एकही करपलेला नाही. मी एक तुकडा तोंडात टाकला. मीठ बरोबर होतं.

मी पाटावर बसले. मुलानं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं त्याच्या तोंडाशी आलं असावं आणि राहिलं असावं. पण आता कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, अण्णा गेले. मग मी डबा चिंचेनं घासला, पुसला, रवा भाजायला घेतला. खातूनबीला लाडू आवडत.